आधी काढा, हिशेब नंतर?

नमस्कार. इतक्या तळमळीने लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आक्रमक प्रजातींचे, म्हणजे बाहेरून येऊन फोफावणाऱ्या आणि स्थानिक जीवांना हुसकावणाऱ्या प्राणी-वनस्पतींचे, फायदे मोजत बसणं म्हणजे त्यांना राहू देण्यासाठी सबबी शोधणं, आधी मुळासकट काढा, हिशेब नंतर करा.

हानीबद्दल आपलं दुमत नाहीच. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार, नोंद झालेल्या जागतिक विलुप्तींपैकी ६० टक्क्यांमागे आक्रमक प्रजातींचा हात आहे, बहुतेकदा इतर कारणांच्या जोडीने. पण ‘आधी काढा’ हा नियम सरसकट लावला की ज्यांना वाचवायचं त्यांच्यावरच संकट येतं, आणि हे घडलेलं आहे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात टॅमरिस्क या बाहेरून आलेल्या झुडपाने नदीकाठ व्यापले, म्हणून त्याची पानं खाणारा भुंगेरा २००१ मध्ये मुद्दाम सोडला गेला. त्याने काम चोख केलं. पण त्याच काठांवर विलो फ्लायकॅचर या चिमुकल्या पक्ष्याची एक उपजाती राहते. १९९५ पासून ती संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. जिथे मूळची विलोची झाडं उरली नाहीत तिथे हा पक्षी टॅमरिस्कच्या बारीक बेचक्यात घरटं बांधतो. ऐन विणीच्या दिवसांत पानं फस्त झाली की ते घरटं रणरणत्या उन्हात उघडं पडतं, शिकाऱ्यांनाही सहज दिसतं. २०१० मध्ये तिथल्या कृषी खात्याने हा कार्यक्रम थांबवला, पण तोवर भुंगेरे आपले आपण पसरू लागले होते. त्यांना परत कोण बोलावणार?

टॅमरिस्क गेलं की विलो आपसूक परततील, हे गृहीतकही कच्चं होतं. विलोच्या बियांना पूर ओसरल्यावरचा ओला गाळ लागतो. धरणांनी पूर अडवले, भूजल खाली गेलं, मग रिकाम्या काठावर विलो उगवणार कसे? बऱ्याच ठिकाणी आधी नदी बदलली आणि मग टॅमरिस्कने ती जागा घेतली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं संकरित स्पार्टिना गवत तर काढायलाच हवं होतं. किनारपक्षी जिथे चरतात तो चिखल ते व्यापत होतं, शिवाय संकरामुळे मूळची स्पार्टिनाच पुसली जात होती. मात्र दुर्मिळ रिजवे रेल पक्षी त्याच दाट गवतात आसरा घेत होता. गवत झपाट्याने काढलं, तसे रेल घटले. मग काही जागी काढणी थांबवून तिथल्या मूळच्या वनस्पती लावण्याचं काम हाती घेतलं गेलं. फायदे मोजणं म्हणजे मला एवढंच म्हणायचं आहे: कुठे आधी काढायचं, कुठे थांबायचं, आणि काढण्यापूर्वी त्या जागी काय उभं करायचं.

एक गोष्ट मात्र तुमच्यासारखीच मलाही पटते. नवा शिरकाव दिसला, अजून तो मूठभर जागेत आहे, तर हिशेबात वेळ घालवूच नये. गुआम बेटावर तपकिरी वृक्षसर्प दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोहोचला. पक्षी नेमके कशामुळे नाहीसे होताहेत हे उमगेपर्यंत तिथले बहुतेक वनपक्षी संपत आले होते.

शेवटी तुम्ही विचारलंत, की एखादी प्रजाती ‘उपयोगी’ ठरली की धंदेवाले तिला हटवूच देत नाहीत, त्याचं काय? धोका खरा आहे. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकापासून सोडलेल्या नाईल पर्च या माशावर निर्यातीचा मोठा उद्योग उभा राहिला आणि तिथल्या सिक्लिड माशांच्या कित्येक जाती नाहीशा झाल्या. तिथले मूळचे लहान मासे उन्हात वाळत. हा मोठा, तेलकट मासा टिकवायला धूर द्यावा लागतो, त्यामुळे जळणासाठी झाडंही तुटली. म्हणून फायद्याच्या रकान्यात तो कोणाचा, हे लिहिलंच पाहिजे. रेलला मिळणारा आसरा आणि निर्यातदाराचा नफा मी एका मापाने मोजत नाही. पहिल्यासाठी काढणी लांबवायला मी तयार आहे, दुसऱ्यासाठी नाही. मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न वेगळा. त्यांच्या पर्यायी रोजगाराचा खर्च काढणीच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा, असं माझं ठाम मत आहे.