आमच्या घरात कोणी पीत नाही

आज सकाळी कणकवलीत औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे केली. बाहेर पाऊस धो धो, आत सात-आठ माणसं निथळत्या छत्र्या घेऊन उभी. पोरग्याने चिठ्ठी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ''काकी, ह्या तर दारू सोडूचा औषध! कोण पिता घरात?''

अख्खं दुकान माझ्याकडे वळलं. ''माझंच आहे,'' म्हटलं तर बाजूची बाई अर्धं पाऊल सरकली.

हो, चिठ्ठीवरचं नाल्ट्रेक्सोन व्यसनासाठीच आलं. अमेरिकेत १९८४ साली अफू-हेरॉइनच्या व्यसनावर मंजूर झालं, दारूवर १९९४ साली. पण ती गोळी ५० मिलिग्रॅमची. माझ्या चिठ्ठीवर १.५ होतं, आमवातासाठी. तेवढं तरी वाचायचं की नाही, मेल्या?

सहा वर्षं झाली मला आमवात होऊन. झिजलेल्या गुडघ्यांचा नव्हे, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते तो. गेल्या नारळीपुनवेला विळीवर बसले आणि नारळाची कवड हातात धरवेना. बोटं मिटतच नव्हती. शेवटी सुनेने खवणला, मी नुसती बघत बसले. तेव्हा कोणी विचारलं नाही की काकी, काय होतंय. सल्ले मात्र ढीगभर: हळद घ्या, आंबट सोडा, अमक्याचा उतारा काढा. उताऱ्याला पुरावा कोणी मागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचं नाव काढलं की सगळे एकदम शास्त्रज्ञ!

आणि 'भलत्या रोगाचं औषध' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनो, मी दर रविवारी घेते ती मेथोट्रेक्सेट मुळात कॅन्सरवरची. आमवाताला तीच, फक्त फार कमी आणि आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतेल. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मलेरियाची. ती गिळताना कोणी विचारलं नाही, घरात डास कोणाला चावला.

आमवातावर एवढ्याशा नाल्ट्रेक्सोनचे मोठे अभ्यास झालेले नाहीत, कबूल. पेटंट संपून जमाना झाला, आता त्यावर पैसा कोण घालणार? ही गोळी सगळे आजार मुळापासून घालवते असं सांगत सुटणारेही आहेत, त्यांच्या नादी लागू नका. माझी रविवारची गोळी चालूच आहे, रक्त तपासणीही.

पहिल्या डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोनचं नाव ऐकूनच हात झटकले होते. फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेले, तिथल्या डॉक्टरांनी ऐकून तरी घेतलं. म्हणाले, खात्री देत नाही, तीन महिने बघू, नाही जमलं तर बंद. एवढंच. मला गाडीत रडू आलं. ह्यांना वाटलं घाट लागला.

दोन महिने झाले. पहिला आठवडाभर रात्री चित्रविचित्र स्वप्नं, एकदा तर स्वप्नात माझी आई वाडीत मासे विकत होती. आता सकाळी कपाचा कान धरता येतो. गुण गोळीचा की मनाचा, मलाही सांगता यायचं नाही. कप धरता येतो, हे मात्र खरं.

तर त्या पोरग्याचं. राग अजून गेला नाही, पण त्याने दारूचं विचारलं म्हणून नव्हे. त्याने विचारायला हवं होतं, ''काकी, दुखण्यावर ट्रमाडॉल घेता काय?'' अफूच्या जातीच्या वेदनाशामकांना नाल्ट्रेक्सोन अडवतं. ऑपरेशन ठरलं तर आधी सांगावं लागतं. माझ्या कपाटात जुनी ट्रमाडॉल पडलेली होतीच, कोल्हापूरला सांगितलं म्हणून टाकून दिली. दुकानदाराचं काम तेच होतं ना? बावीस-तेवीसचा असेल, शिकेल. मीही जरा जोरातच बोलले त्याला.

कॅप्सूल मागवतो म्हणाला, गुरुवारी या.

संध्याकाळी हे बाजारातून आले ते तोंड वाकडं करून. ह्यांच्या गळ्यात तीस वर्षं तुळशीची माळ, मासासुद्धा शिवत नाहीत. तिठ्यावर कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं म्हणे, ''सोडताय ता बरा करताय, भाऊ.''