हे खरे आहे काय?

मंगळवारी रात्री पावणेदहाला बार्शीहून मावशीचा फोन. "अगं, ती फुले योजना आमदारांनीच पाडली म्हणे. आता काकांचं काय करायचं? पाटल्या मोडाव्यात म्हणते मी."

काकांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा आहे, डॉक्टरांनी स्टेंट सांगितलाय. घरात केशरी रेशनकार्ड आहे. आणि ही बाई एका फॉरवर्डवर विसंबून योजनेचा विचारच सोडून सराफाकडे निघाली होती. मी म्हटलं, "पाटल्या कपाटात ठेव आणि आधी तो मेसेज मला पाठव."

मेसेज आला. लांबलचक, हिरवे-लाल गोळे लावलेला. सार असं: १२ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेत 'मोफत उपचार हक्क विधेयक' १४७ विरुद्ध १३२ मतांनी पडलं, १४ आमदार गैरहजर होते. त्यामुळे महात्मा फुले योजना खासगी रुग्णालयांत बंद झाली. कोणत्या आमदाराने कुठे मत दिलं ते सरकारच्याच 'ओपन डेटा'मधून काढलंय, यादी खाली, बाजूने मत दिलं त्यांना हिरवा गोळा, विरोधात दिलं त्यांना लाल. शिवाय लाल गोळेवाल्यांनी पाच वर्षांत आरोग्यावर एकही प्रश्न विचारला नाही, आमदार निधीतला रुपया दवाखान्याला दिला नाही. शेवटी एक लिंक: 'तुमचा आमदार परत बोलवा'.

मावशीच्या आमदारापुढे लाल गोळा होता. तिचा राग तिथूनच सुरू झाला होता.

पाटल्यांचा प्रश्न आधी, कारण बाकीचं थांबू शकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हा विधिमंडळात मतदानाने झालेला कायदा नाही. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. २०२३ च्या जुलैत सार्वजनिक आरोग्य विभागाने शासन निर्णय काढला आणि पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला ती लागू केली, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण दिलं. शासन निर्णय म्हणजे जीआर. मंत्रिमंडळ ठरवतं, विभाग काढतो, आणि तो सरकारच्या संकेतस्थळावर सांकेतांकासह पडतो. एखादं विधेयक पडलं म्हणून जीआर आपोआप रद्द होत नाही. योजना बंद करायची असती तर दुसरा जीआर काढावा लागला असता, आणि तोही तिथेच दिसला असता. आमदारांचा हात लागतो तो पैशाला, म्हणजे अर्थसंकल्पातल्या आरोग्य विभागाच्या मागण्यांना आणि पुरवणी मागण्यांना.

यात एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. योजनेची बिलं वेळेवर मिळत नाहीत ही रुग्णालयांची तक्रार जुनी आहे, आणि यादीत नाव असूनही "सध्या आमच्याकडे योजना चालू नाही" असं खिडकीवर ऐकवणारी रुग्णालयं आहेत. आमच्याच घरात हे एकदा झालंय. मेसेज खरा वाटतो तो या अनुभवामुळे. पण उपाय सराफाकडे जाणं हा नाही. १५५३८८ ला फोन करायचा, आपल्या जिल्ह्यात कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ते विचारायचं आणि तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे, रेशनकार्ड, ओळखपत्र आणि डॉक्टरांचे कागद घेऊन जायचं. पूर्वमंजुरीसाठी कागद तोच पुढे पाठवतो. रुग्णालयाने दारातूनच परत पाठवलं तर तक्रारही त्याच नंबरवर. बुधवारी सकाळी मावशी आणि शेजारचा मुलगा दोघे गेले, कागद दिले.

आता ती यादी.

१२ नोव्हेंबर २०२४. त्या दिवशी महाराष्ट्रातले आमदार कुठे होते, आठवतं का? विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, निकाल २३ ला. १२ तारखेला सगळे जण हात जोडून प्रचाराच्या जीपवर उभे होते. सभागृहाला कुलूप होतं आणि मेसेज लिहिणाऱ्याने त्यात मतदान घडवून आणलं! शिवाय १४७, १३२ आणि १४ यांची बेरीज करा. २९३ होते. विधानसभेत जागा २८८. वरचे पाच विधानपरिषदेतून उसने आणले असतील. आणि यादीत पुण्यातला 'भवानी पेठ' मतदारसंघ आहे. मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून त्या नावाचा मतदारसंघच राहिला नाही. मेसेजमध्ये मात्र तिथल्या आमदाराला लाल गोळा मिळालाय. सरकारी विधेयक सभागृहात खरोखर पडलं असतं तर राज्यातल्या एकाही पेपरला दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी सुचली नसती, एवढं तरी ग्रुपवरच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या ध्यानात यायला हवं होतं.

तारीख, बेरीज दुरुस्त करून उद्या हीच यादी पुन्हा फिरेल, म्हणून मुळातला घोटाळा सांगते. कोणत्या आमदाराने कोणत्या विधेयकावर हो म्हटलं आणि कोणी नाही, याची नोंद बहुतेक वेळा अस्तित्वातच नसते. ती कुणी दडवलेली नाही. ती घेतलीच जात नाही.

नागपूरची तीन हिवाळी अधिवेशनं मी पत्रकार गॅलरीत बसून काढली आहेत. विधेयक संमत होताना कसं दिसतं ते सांगते. मंत्री उठून म्हणतात, विधेयक विचारात घेण्यात यावे. दोन-चार जण बोलतात, कधी पाच मिनिटं, कधी दोन तास. मग पीठासीन अधिकारी एका लयीत वाचत जातात: खंड दोन ते सात विधेयकाचा भाग होतील, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. खालून एक घोळदार 'होऽय' येतो, त्यात कुणी जांभई दिलेली असते, कुणी शेजाऱ्याशी बोलत असतो. 'होय'चे बहुमत, प्रस्ताव संमत झाला. कार्यवृत्तात उतरतं ते एवढंच. याला आवाजी मतदान म्हणतात. आवाजाला नाव नसतं, तर त्याची यादी कुठून येणार?

सदस्याने मतविभागणी मागितली, म्हणजे सभागृहाच्या भाषेत पोल मागितला आणि तो दिला गेला, तरच मोजणी होते. ४ जुलै २०२२ आठवा. एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव. एकेक आमदार उभा राहून आपला क्रमांक सांगत होता, १६४ विरुद्ध ९९. तशी नोंद असते तेव्हा ती सगळ्यांना दिसते. आता १२ नोव्हेंबर २०१४ आठवा. फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. विरोधक मतविभागणी मागत राहिले, गोंधळ झाला, प्रकरण पेटलं. तरी त्या दिवशी कोण कुठे होतं याची नोंद नाही ती नाहीच. सरकार राहील की जाईल या प्रश्नावर जिथे नावं मिळत नाहीत, तिथे एखाद्या दवाखाना विधेयकावर २८८ नावांपुढे लाल-हिरवे गोळे कुठून मिळाले, हे मेसेज लिहिणाऱ्याला कुणीतरी विचारा. आरोग्याचा हक्क देणारं विधेयक राजस्थान विधानसभेने मंजूर केलं, २१ मार्च २०२३ ला. डॉक्टर रस्त्यावर होते, वातावरण तापलेलं होतं. तिथेही विधेयक संमत झालं ते आवाजी मतदानानेच.

आणि समजा, पोल झाला. तरी त्या नोंदीतून तुमच्या आमदाराचं मन कळत नाही. १९८५ साली राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडून मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे मोजलेलं मत हे बहुधा पक्षाचं मत असतं. त्यावरून माणसाला लाल गोळा लावणं म्हणजे बसमधल्या प्रवाशाला ड्रायव्हरच्या वळणासाठी धरणं.

मला वाटतं ही कल्पना अमेरिकेतून आली असावी. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तिथल्या राज्य विधिमंडळात विधेयकावरच्या अंतिम मतदानात प्रत्येक सदस्याचं हो-नाही नोंदवलं जातं, आणि ओपन स्टेट्स, लेजिस्कॅन अशा संकेतस्थळांवर सदस्याचं नाव टाकलं की कुठल्या विधेयकावर काय मत दिलं ते समोर येतं. मला त्याचा हेवा वाटतो, लपवत नाही. आपल्याकडेही असावं, त्यासाठी भांडावं. पण जे नाही ते आहे असं सांगून यादी बनवणं ही थाप झाली.

मग आमदार आरोग्यासाठी काय करतो ते बघायचंच नाही का? बघायचं. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नोत्तरांच्या (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नांच्या) याद्या असतात, कार्यवृत्त असतं. ते वाचणं कंटाळवाणं आहे, पीडीएफमागून पीडीएफ उघडावी लागते, पण मेसेजमधल्या 'एकही प्रश्न विचारला नाही' या मुद्द्याचं उत्तर तिथे आहे. तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. 'अमुक ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' मंत्र्यांचं उत्तर येतं: हे खरे आहे, किंवा हे अंशतः खरे आहे, किंवा हे खरे नाही, आणि शेवटी सर्वांचं लाडकं, प्रश्न उद्भवत नाही. मला स्वतःला 'अंशतः खरे आहे' सगळ्यात मोलाचं वाटतं. सरकार काय कबूल करतंय ते त्याच्या पुढच्या दोन ओळींत लपलेलं असतं.

म्हणून 'आमदाराने आरोग्यावर एकही प्रश्न विचारला नाही' हा आरोप तपासता येतो. मावशीच्या आमदाराचा मी तपासला. शंभर टक्के खोटा. पण हे म्हणताना मला फार आनंद होत नाही, कारण प्रश्न मोजणं हाही एक फसवा धंदा आहे. एकाच प्रश्नावर आठ-दहा आमदारांची नावं असतात, त्यातला खरा विचारणारा एखादाच. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. म्हणून मंत्री असलेल्या आमदाराचा आकडा शून्य दिसतो, आणि मेसेजमधले निम्मे 'एकही प्रश्न नाही'वाले मंत्रीच आहेत. मुंबईपुरतं प्रजा फाउंडेशन आमदारांचं प्रगतिपुस्तक काढतं, ते बरंच काळजीपूर्वक असतं. बाकी राज्याला ती सोय नाही, आपणच वाचायचं.

संख्येपेक्षा भाषण वाचा. २०२३ साली महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. सरकारी दवाखान्यांची औषधं हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत घेण्यातल्या विलंबाच्या तक्रारींनंतर आलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले आणि औषधं होती की नव्हती यावर राज्यभर वाद झाला. आपल्या आमदाराविषयी जाणून घ्यायचं असेल तर या विधेयकावर तो उठून बोलला का, काय बोलला, पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारलं का, हे शोधा. मत लपतं, भाषण लपत नाही. २०२५ च्या जुलैत जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झालं, तरी डहाणूचे आमदार विनोद निकोले विरोधात होते हे आपल्याला माहीत आहे, कारण ते सभागृहात बोलले.

आणि काही गोष्टी तर सभागृहात मतालाच येत नाहीत. खासगी रुग्णालयात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची सक्ती जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत बदल करून आली. नियम विभाग करतो. तुमच्या गावातल्या रुग्णालयात तो फलक आहे का, हे बघायला ओपन डेटा लागत नाही.

आमदार निधीचं एका ओळीत. वर्षाला ५ कोटी, आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. कामांची यादी नियोजन कार्यालयात असते, मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. त्या निधीतून डॉक्टरचा पगार देता येत नाही, तेव्हा 'निधी असून डॉक्टर का नाही' हा सवालही चुकीच्या दारावर आहे.

राहिली लिंक. आमदार परत बोलावण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. लिंकवर मात्र नाव, आधार क्रमांक, रेशनकार्डाचा क्रमांक आणि मग ओटीपी मागतात. मी मावशीला विचारलं, "तू हे भरलं नाहीस ना?" ती जरा गप्प झाली. रेशनकार्डाचा नंबर भरला होता. ओटीपीही आला होता, पण तो टाकायच्या आत फोनचा प्रकाश गेला आणि चष्मा सापडेना.