सनबेडची दुकानं बंदच व्हायला हवीत

इंग्लंडमधल्या सनबेडच्या दुकानांवर सरसकट बंदी यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. वयाची अट घालून झाली, भिंतीवर सूचना लावून झाल्या, गिऱ्हाइकाची सही घेऊन झाली. यातलं काहीही पुरेसं नाही. मी इथे एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नर्स आहे आणि हे मत माझ्या रोजच्या कामातून आलंय. पोस्ट लांबणार आहे, पण शाळांच्या प्रॉमचे, म्हणजे शाळा संपतानाच्या नटूनथटून जायच्या पार्टीचे, आणि सुट्ट्यांचे दिवस तोंडावर आलेत, म्हणून आत्ताच लिहिते.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे पार्लरमध्ये टॅन घालवायला जातात, इथे पैसे मोजून चढवून घ्यायला जातात. सनबेड म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी झाकणाची पेटी. खाली आणि वर अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्या. कपडे उतरवायचे, डोळ्यांवर छोटा चष्मा लावायचा आणि काही मिनिटं पडून राहायचं. असं काही आठवडे केलं की कातडी तांबूस होते. गावागावांच्या बाजारपेठेत, केस कापायच्या दुकानाशेजारी ही दुकानं असतात.

यावरून इथल्या मुलींना हसू नका, एवढी विनंती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातही गोरेपण हीच श्रीमंतीची खूण होती, कारण रापायचा तो शेतात राबणारा. मजूर कारखान्याच्या छपराखाली गेला आणि सुट्टीवर समुद्रकाठी जाऊन रापून येणं ही ऐपतीची खूण झाली. आपल्याकडे मुलीच्या रंगावरून तिला जे ऐकावं लागतं, त्याच जातीचा हा जाच आहे, फक्त उलट्या दिशेचा. आमच्याकडे येणाऱ्या मुली "मी भुतासारखी पांढरी दिसते" असं अगदी कळवळून सांगतात. तो त्रास खरा असतो.

पण त्यावर जो इलाज विकला जातो तो विषारी आहे. त्वचा रापते ती इजा झाल्यामुळे. अतिनील किरण पेशीच्या डीएनएला धक्का लावतात, पेशीला ते कळतं, ती रंग बनवणाऱ्या पेशींना इशारा देते आणि पुढची इजा थोडी कमी व्हावी म्हणून मेलॅनिन तयार होतं. म्हणजे रंग दिसायला लागला तेव्हा आत मोडतोड होऊन गेलेली असते. बरीचशी दुरुस्त होते, सगळी होत नाही, आणि राहिलेली वर्षानुवर्षं साठत जाते. "स्पेनला जायच्या आधी थोडा बेस टॅन घेतला की तिथे भाजत नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकते. त्या रापण्यातून मिळणारं संरक्षण जेमतेम एसपीएफ ३ ते ४ एवढं असतं (एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या बाटलीवर लिहितात तो संरक्षणाचा आकडा). दुकानातलं साधं सनस्क्रीन याच्या कितीतरी पट काम करतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये सनबेडना पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा ज्यांच्याबाबत आहे त्यांचा हा गट; तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस त्यातच आहेत. पस्तिशीच्या आत सनबेड वापरायला लागलेल्यांमध्ये मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या सर्वांत घातक कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढलेला त्यांना आढळला. हा आकडा नीट समजून घ्या. शंभरातल्या पंचाहत्तर जणींना कर्करोग होतो असा त्याचा अर्थ नाही. मुळात जेवढा धोका असतो तो पावणेदोन पट होतो. गोऱ्या कातडीच्या देशात मुळातला धोकाच लहान नसतो, म्हणून ही वाढ भयंकर आहे.

मला सर्वांत पटणारा पुरावा आइसलंडचा वाटतो. त्या देशात ऊनच किती पडतं! १९८० च्या दशकात तिथे सनबेडची दुकानं भराभर निघाली, तरुण मुलींची झुंबड उडाली आणि १९९० च्या दशकात तरुण बायकांमध्ये मेलानोमा झपाट्याने वाढला. वाढला तोही मुख्यतः पाठ-पोटावर, जिथे एरवी त्या थंडीत कपड्यांआड किरण पोचतही नाहीत. मग तिथल्या आरोग्य खात्याने आणि डॉक्टरांनी लोकांना सावध करायला सुरुवात केली, २००४ मध्ये मोठी मोहीम काढली, सनबेडचा वापर उतरला आणि त्यामागोमाग त्या बायकांमधलं मेलानोमाचं प्रमाणही उतरलं. दोष उन्हाला देता येत नाही असा देश शोधायचा तर हाच.

बंदी घालणं अशक्य आहे म्हणणाऱ्यांना मी ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया दाखवते. ब्राझीलने २००९ मध्येच सौंदर्यासाठी सनबेड वापरायला मनाई केली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हरने आपलं शेवटचं दुखणं लोकांसमोर मांडलं. तिने तरुणपणी सनबेड वापरले होते. मेलानोमाने ती २००७ च्या सप्टेंबरमध्ये गेली, तेव्हा तिचं वय २६ होतं. अंगात त्राण नसताना ती टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत बोलत राहिली. त्यानंतर आधी नियम कडक झाले आणि २०१५ च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक राज्यांत दुकानंच बंद झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये झाली. ऑस्ट्रेलियन लोकांचं त्यामुळे काहीही अडलेलं नाही.

इंग्लंडमध्ये २०१० चा कायदा आहे. १८ वर्षांखालच्या कोणालाही सनबेड वापरू द्यायचा नाही, एवढं तो सांगतो. स्कॉटलंड आणि वेल्सने त्याच सुमारास दुकानात लक्ष ठेवायला माणूस असलाच पाहिजे असाही नियम केला, इंग्लंडने तेव्हा केला नाही. दारात माणूस नसेल, यंत्रात नाणी टाकून दिवे लागत असतील, तर आत गेलेली मुलगी पंधराची की विसाची हे कोण बघणार? आणि यंत्रांचं काय? या दिव्यांच्या तीव्रतेला युरोपीय मानकात मर्यादा आहे, ती साधारण भूमध्य समुद्राकाठच्या भर दुपारच्या उन्हाएवढी. डंडी विद्यापीठाच्या लोकांनी इंग्लंडभरच्या सनबेडची मोजणी करून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले तेव्हा १० पैकी ९ यंत्रं या मर्यादेच्या वर निघाली. गिऱ्हाईक मिनिटं मोजतं, दिवा किती प्रखर आहे ते त्याला कळायची सोयच नाही.

"मोठी माणसं आहेत, त्यांचं त्यांना ठरवू दे" हा युक्तिवाद मी मनापासून ऐकून घेते, कारण स्वातंत्र्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पण इथे तो लंगडा पडतो. अतिनील किरण पडले की त्वचेत बीटा-एंडॉर्फिन तयार होतं, म्हणजे अफूच्या जातीचं शरीरातलंच द्रव्य. हार्वर्डच्या डेव्हिड फिशर यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवर हे दाखवलं: रोज किरण दिलेल्या उंदरांना अफूचा परिणाम तोडणारं औषध दिलं तर व्यसन सुटताना होते तशी थरथर सुरू झाली. काही बायका तीळ काढून घेतल्यावर टाके असतानाच पुन्हा सनबेडवर जातात. हे मी पाहिलंय. त्यांना अक्कल नाही असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांना ते सुटत नाही.

एक गल्लत मात्र दूर करते. आमच्या विभागातही प्रकाशाची पेटी आहे. सोरायसिस किंवा कोड असलेल्यांना आम्ही तिच्यात उभं करतो. ती वेगळी गोष्ट आहे. तिथे बहुधा ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे ठरावीक किरण असतात, त्वचा बघून मात्रा ठरते, ती सेकंदांत मोजून वाढवली जाते, आजवर किती झाली याची नोंद राहते आणि हद्द गाठली की थांबवतात. आजार असताना तोलूनमापून घेतलेला धोका आहे तो. सनबेडच्या नळ्यांतून मुख्यतः यूव्हीए या प्रकारचे अतिनील किरण येतात आणि तिथे कोणी काही तोलत नाही. तेव्हा सोरायसिससाठी कोणी सनबेड सुचवला तर ऐकू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

आता इथल्या आपल्या मराठी घरांविषयी. "हिवाळ्यात ड जीवनसत्त्व मिळावं म्हणून सनबेडवर जाऊ का, काकू?" असं मंडळाच्या कार्यक्रमात एका मुलाने मला विचारलं. नको रे बाबा. ते यूव्हीबी या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांनी बनतं, आणि सनबेडमध्ये तेच थोडे असतात. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सगळ्यांनाच ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायचा विचार करा म्हणते, आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी वर्षभर. ही गोळी अगदी स्वस्त असते. सावळ्या त्वचेला मेलानोमा कमी होतो हे खरं, पण होतच नाही असं नाही. आपल्यात तो तळपायावर, तळहातावर, नखाखाली सापडतो, त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, आणि तिथे कोणी बघत नाही म्हणून उशिरा कळतो. नखाखाली नवी काळी रेघ उठली, तळपायावरचा डाग पसरायला लागला, तर दाखवा.

ज्यांना तो तांबूस रंग हवाच आहे त्यांच्यासाठी सेल्फ-टॅनची, म्हणजे अंगाला लावून रंग आणायच्या लोशनची बाटली आहे, आणि ती चांगली आहे. सेल्फ-टॅनमधलं मुख्य द्रव्य डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन, थोडक्यात डीएचए. साखरेच्या कुळातलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीमध्ये एव्हा विट्गेनस्टाइन नावाच्या संशोधक आजारी मुलांना ते तोंडावाटे औषध म्हणून देत होत्या. सांडलं तिथे मुलांची कातडी तपकिरी होते आणि कपड्यांवर मात्र डाग पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन रंग येतो. भाकरी तव्यावर तांबूस होते ती याच जातीची क्रिया. मृत थरच रंगतो, म्हणून तो गळून पडेल तसा पाचसात दिवसांत रंगही जातो. आपल्याकडचे शरीरसौष्ठवपटू मंचावर जाण्याआधी अंगाला रंग लावतात तोही असाच बाहेरून लावायचा प्रकार, दिव्याखाली झोपून मिळवलेला नव्हे.

लावण्याआधी मनगटाच्या आत थोडं लावून एक दिवस थांबा. अंग घासून अंघोळ करा. कोपर, गुडघे आणि घोटे यांवर आधी साधं मॉइश्चरायझर लावा, तिथली कातडी जाड असल्याने तिथे रंग जास्त धरतो. हातमोजा वापरा, नाहीतर तळवे नारिंगी होतात. पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी रोज थोडा थोडा रंग चढवणारं लोशन घ्यावं, चूक झाली तरी लपते. स्प्रे टॅन करून घेणार असाल तर डोळे, ओठ आणि नाकपुड्या झाका आणि फवारा श्वासात जाऊ देऊ नका. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाची, डीएचएला मान्यता फक्त बाहेरून लावण्यासाठी आहे. एकाच संध्याकाळचा प्रश्न असेल तर धुऊन जाणारं ब्राँझर पुरे.

यातल्या कशानेही उन्हापासून संरक्षण मिळत नाही. बाहेर पडताना सनस्क्रीन वेगळं लावायचंच. आणि दोन गोष्टींना हात लावू नका. एक, इंटरनेटवर विकली जाणारी मेलानोटॅनची, म्हणजे शरीराच्या आतून कातडी रापवणाऱ्या द्रव्याची, इंजेक्शनं आणि नाकात मारायचे फवारे. त्यांना परवाना नाही आणि आत काय आहे याची खात्री कोणी देत नाही. दुसऱ्या, कँथाझँथिन नावाच्या रंगद्रव्याच्या टॅनिंग गोळ्या. त्या द्रव्याचे कण डोळ्याच्या पडद्यात साठतात.

खासदाराला पत्र लिहिणं इथे खरंच सोपं आहे, आणि या उन्हाळ्यात मी ते लिहिणार आहे. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी खाली सांगा, पाठवते. आणि जिच्या मुलीचा जूनमध्ये प्रॉम आहे तिने आत्ताच बाटली आणून ठेवा, आठवडाभर आधी एकदा लावून बघा. पाठीपर्यंत तिचा हात पोचणार नाही, तिथे तुम्हीच लावून द्या.