शोधावस्थेतला मामा

भाचीच्या करिअर चाचणीला मी नुसता सोबत म्हणून गेलो होतो. "बसलाच आहात तर तुम्हीपण सोडवा ना काका, एकावर एक फ्री आहे," असं टेबलामागची मुलगी म्हणाली आणि तिने माझ्या हातात टॅब कोंबला. निकाल छापून आला: "आपण सध्या करिअरच्या शोधावस्थेत आहात. घाबरू नका."

डोनाल्ड सुपर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या नोकरीधंद्याच्या आयुष्याचे टप्पे पाडले, त्यात शोधावस्था साधारण 15 ते 24 या वयात येते. पंचेचाळिशीनंतर आहे ते टिकवायचं असतं. मी 46 वर्षांचा. 'शोधावस्था' एकवेळ पचवली असती, पण ते 'घाबरू नका' अजून टोचतंय.

त्यात हा निकाल माझ्याआधी शेजारच्या गृहस्थांनी वाचला. मांडीवर जाडजूड फाईल, फाईलवर कोपर, आणि मान माझ्या कागदात.

"काय करता आपण?"

"यंत्रांबरोबर माहितीपुस्तिका येतात ना, त्या लिहितो."

"त्या माणसं लिहितात?"

"हो."

"आणि वाचतं कोण?"

यावर मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना मात्र कंठ फुटला होता. "नाही, वाईट वाटून घेऊ नका. पोट भरतंय ना? झालं तर. भाचीला काय करायचंय?"

"तिला नकाशांची आवड आहे."

"छंद नाही हो, फील्ड विचारतोय."

"तेच फील्ड आहे."

"नकाशे आता मोबाईलमध्ये असतात की!"

"पण मोबाईलमध्ये ते घालतं कोण?"

गृहस्थांनी डोळे मिटून विचार केला. "उपग्रह."

आता मलाही चेव आला. म्हटलं, उपग्रह वरून फोटो काढतो. पण हा रस्ता एकेरी आहे, तो पूल बंद आहे, हे त्याला कोण सांगणार? जमीन मोजणारे वेगळे, ती माहिती संगणकावर थरांमध्ये रचणारे वेगळे. समुद्राचा तळ मोजणारे तर आणखी वेगळे; ते जहाजातून खाली ध्वनिलहरी सोडतात आणि प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतात.

"समुद्राचा तळ?" त्यांनी फाईल छातीशी धरली. "तिथे कोण राहायला जाणार आहे?"

"वरून जहाजं जातात ना, ती खाली आपटू नयेत म्हणून."

"मग सरळ नेव्ही म्हणा की! उगाच घोळ घालता."

असं करत त्यांनी माझ्याकडची सगळी कामं डॉक्टर, इंजिनिअर, नेव्ही आणि 'सरकारी' या चार कप्प्यांत बसवून दाखवली. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारा परफ्युजनिस्ट असतो म्हटलं, तर म्हणाले, "म्हणजे डॉक्टर व्हायचं राहिलेला." तो स्वतंत्र शिक्षण घेऊन आलेला असतो, हे सांगेपर्यंत त्यांनी विषय बदलला होता.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जगभरच्या कामांची वर्गवारी केली आहे. 2008 च्या आवृत्तीत तिचे 436 गट आहेत. माझ्यासारखे पुस्तिकावाले त्यात लेखकांच्या गटात येतात, हे मी गृहस्थांना मुद्दाम ऐकवलं. त्यांनी "बरं बरं" केलं. त्याच यादीत करिअर समुपदेशकांचा गट 2423 आणि ज्योतिष्यांचा 5161. आकड्यांत एवढं अंतर ठेवलंय खरं, पण बाहेर बाकावर बसलेल्यांचे चेहरे दोन्हीकडे सारखेच.

चाचणीवर माझा फार राग नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडने 1959 मध्ये मांडलेले, अशा चाचण्यांत वापरतात ते सहा स्वभाव विचार करायला बरे आहेत: हाताने काम करणारा, शोधक, कलावंत, माणसांत रमणारा, पुढाकार घेणारा, शिस्तीत चालणारा. पण पंधरा वर्षांच्या पोराला तुम्ही विचारता, 'यंत्रं दुरुस्त करायला आवडतात का?' आणि घरात त्याने स्क्रू-ड्रायव्हरला हात लावला की ओरडता, "ठेव ते, लागेल!" मग तो 'नाही'वर टिचकी मारतो आणि सोळा पानी अहवालात ठरतं की याला यंत्रांत रस नाही. एकही काम चालू असताना न बघता आवड सांगायची म्हणजे सांगायची तरी कशी? त्या अहवालाच्या पैशात पोराला एक दिवस एखाद्या सर्वेक्षकामागे उन्हात तिपाई उचलून फिरवा. आवड कळेल, नावड तर दुपारपर्यंतच कळेल. पण त्याला रंगीत आलेख कुठून आणणार?

एवढ्यात गृहस्थांचा मुलगा, जो आतापर्यंत बुटाची नाडी सोडत-बांधत होता, भाचीला म्हणाला, "ते समुद्रवाले... जहाजावरच राहतात? घरी नाही येत?"

"काही काही महिने," भाची म्हणाली.

मुलाने नाडी सोडली. वडिलांकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं.

"फॉर्म कुठे मिळतो?"