खांदा कुणी नेला?

माझ्या हक्काचा डुकराचा खांदा एका मेक्सिकन आजींनी माझ्या डोळ्यांदेखत नेला, आणि वर मलाच आशीर्वाद दिला. राग अजून उतरलेला नाही.

शिकागोचा पिल्सन भाग, रविवार सकाळ, कार्निसेरियातली, म्हणजे मेक्सिकन खाटकाच्या दुकानातली रांग. कार्नितास करायचे होते, म्हणजे डुकराचं मांस मऊ शिजवून कडा कुरकुरीत करायचा मेक्सिकन पदार्थ. संत्र्याचा रस, लसूण, ओरेगानो, तमालपत्र घालून खांदा स्लो कुकरमध्ये टाकायचा आणि आठ तास विसरायचा, एवढंच. काचेमागे हाडासकट एकच तुकडा उरला होता. माझ्या हातात नंबराची चिठ्ठी. आजी माझ्या मागे. मागे, हे लक्षात ठेवा.

"काय करणार, मिहो?" त्यांनी लाडाने विचारलं. मिहो म्हणजे बाळा.

"कार्नितास."

आजी उजळल्या. त्या मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या किरोगाच्या निघाल्या. म्हणजे संपलंच. कार्नितास खायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावात जातात.

"कढई तांब्याची ना? सांता क्लाराची?" तिथलं हे तांबटांचं गाव.

"कढई नाही. स्लो कुकर."

"विजेचा?"

"हो."

"मांतेका किती घालतोस?" मांतेका म्हणजे डुकराची चरबी.

"घालत नाही. त्याचीच सुटते तेवढी. वर संत्र्याचा रस."

"रसात!" आजींनी ही बातमी स्पॅनिशमध्ये रांगेच्या शेपटापर्यंत पोचवली. एका गृहस्थाने चक्क टोपी काढली. खांद्याचा विषय होता, शोभलंही.

"आणि वेळ किती?"

"आठ तास."

"आठ तासांत आमच्याकडे डुक्कर शिजतं, लग्न लागतं, जेवणं होतात आणि पाहुणे भांडून घरीही जातात!" त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं. "सूप करतोयस तू, मिहो. सूप."

या गडबडीत खाटकाने माझा नंबर पुकारला. स्पॅनिशमध्ये. मला ऐकू येईपर्यंत तो पुढचा पुकारून मोकळा झाला होता, आणि पुढचा आजींचा. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "तो खांदा मला. याला लोमो दे. विजेच्या भांड्याला काय कळतंय?" लोमो म्हणजे पाठीचं मांस. खाटीक हसला आणि त्याने तसंच केलं. आजींनी हवेत माझ्यावर क्रूस काढला आणि त्या गेल्या.

गंमत म्हणजे हे भांडं शिकागोचंच. इथल्या अर्विंग नॅक्सनला १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. आईकडून ऐकलेल्या चोलेंतवरून त्याला ते सुचलं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून ज्यू घरांतून शुक्रवारीच मंद आचेवर ठेवून द्यायचा हा रस्सा. आता त्यातच लोक ज्यूंना वर्ज्य असलेलं डुक्कर रटरटवतात. नॅक्सनच्या आईने माझं कोपर धरलं असतं तर मी निमूट ऐकून घेतलं असतं. तिचा हक्क होता. या आजींचा काय संबंध?

मेक्सिकोत डुक्कर आणलं स्पॅनिश लोकांनी, संत्रंही त्यांनीच. आज कित्येक मेक्सिकन आचारी कढईत खुशाल कोका-कोला ओततात. ते सगळं परंपरेत बसतं, फक्त माझी वायर बसत नाही. आपल्याकडे कोल्हापूरकर पुण्याच्या मिसळीला काय काय बोलतात, पण म्हणून कोणी पुणेकराच्या पिशवीतली मटकी उचलून नेत नाही!

खांद्यात चरबी असते, चिवट पडदे असतात. मंद आचेवर ते विरघळतात, म्हणून मांस काट्याने ओढलं की सुटतं. लोमोत यातलं काही जवळपास नसतंच. आठ तासांनी झाकण काढलं तर आत निव्वळ सुंभ. ओव्हनच्या वरच्या आचेखाली धरून कडा कुरकुरीत केल्या, तर कुरकुरीत सुंभ झाला.

पैसे मात्र मी पूर्ण मोजले होते. त्यामुळे तो आता टॉर्टियात जातो, ऑम्लेटात जातो, काल मी तो पोह्यांवरही पेरला. बायको आपली ताटली उचलून दुसऱ्या खोलीत गेली. डबा अजून निम्मा भरलेला आहे.