अर्ध्या तासात एक्सल? आधी गाडीखालचा चिरा काढा

पेडण्याच्या माझ्या मावसभावाने काल फोटो पाठवला. त्याची मारुती ईको वॅन अंगणात उभी, पुढचं डावं चाक काढून बाजूला ठेवलेलं आणि बॉडीखाली एकावर एक रचलेले जांभ्या दगडाचे तीन चिरे. सोबत प्रश्न: "दादा, व्हिडिओत दाखवतात तो एक्सल सापडत नाही. नेमका कुठे असतो?"

सापडणार कसा? इंजिनाची ओढ चाकापर्यंत नेणारा तो दांडा ईकोच्या पुढच्या चाकांना नसतोच.

हा व्हिडिओ एव्हाना तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. 'वॅनचा सीव्ही एक्सल घरच्या घरी, अर्ध्या तासात बदला, मेकॅनिकला लुटू देऊ नका.' खालच्या लांबलचक मजकुरातले दावे थोडक्यात असे: वळताना टक्-टक् आवाज आला की एक्सल गेला समजा. कुठल्याही वॅनला हीच पद्धत. गाडीसोबत आलेला जॅक पुरतो, जास्तीचा आधार हवा तर चिरा किंवा सिमेंटचा ब्लॉक लावा. पहिल्या गिअरमध्ये ठेवली की गाडी हलत नाही. जुनाच नट परत लावून हाताने गच्च आवळा. ऑइल सांडत नाही. ग्रीस कुठलंही चालतं. आणि नवा पार्ट मिळाला नाही तर चाक लावून गाडी खाली उतरवून ठेवा. टॅक्सीवाल्यांपासून भजनी मंडळापर्यंत सगळ्यांनी हे पुढे ढकललंय, त्यातल्या किती जणांनी गाडीखाली वाकून पाहिलं देव जाणे.

'कुठल्याही वॅनला' म्हणणाऱ्याने आपल्याकडच्या वॅन पाहिलेल्या नाहीत. ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये बंद झाली, ईको २०१० पासून आहे. दोन्हींचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना. गिअरबॉक्सपासून मागे प्रोपेलर शाफ्ट जातो, त्याला क्रॉस म्हणजे वाकते सांधे असतात, त्याच्या मागच्या टोकाला दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारं डिफरेन्शियल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाड लोखंडी नळीत बसलेले मागचे एक्सल. पुढची चाकं नुसती वळतात, गाडी ओढत नाहीत. जिथे एकाच चाकाला वळायचंही असतं आणि ओढायचंही, तिथे सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात वाकूनही फिरत राहणारा सांधा, लागतो. म्हणजे एर्टिगा, ट्रायबर यांसारख्या गाड्यांना. भावाला फोन करून विचारलं तर त्याचा आवाज वळताना येतच नव्हता, गाडी सुटताना आणि रिव्हर्स टाकताना खालून 'टण्ण' व्हायचं. पहिला संशय क्रॉसवर जायला हवा, आणि तो बसतो मागे. पुढचं चाक काढून दिवसभर शोधला तरी हाती लागणार नाही.

आवाजाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना टक्-टक्-टक् आलं, तर बहुतेक वेळा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट झिजलेला असतो. आत सहा गोळ्या असतात. त्यांनी आपल्या खोबणीत खड्डे पाडले की वळणावर त्या उड्या मारतात, तोच हा आवाज. पण सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरली तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट बघायचा. वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर बेअरिंग. खड्ड्यात खडखडत असेल तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट नाहीतर लिंक. सगळ्याला एकच औषध सांगणाऱ्याला मेकॅनिक म्हणत नाहीत.

आता चिरा. बाकीच्या चुकांत पैसे जातात, या चुकीत माणूस जातो.

आपल्याकडे प्रत्येक घराच्या मागे चार-दोन चिरे उरलेले असतातच. कुंपणाचे, न्हाणीघराचे, कधी बांधायच्या राहिलेल्या खोलीचे. त्यामुळे हा सल्ला गोव्यात फार सोपा वाटतो आणि म्हणून इथे जास्त धोक्याचा आहे. भिंतीत चिरा वजन पेलतो ते सपाट बसून, सगळ्या अंगाने, चारी बाजूंनी शेजारी असताना. गाडीखाली त्याच्या एका काठावर पत्र्याची धार टेकते. हजार किलोच्या आसपासच्या गाडीतला मोठा हिस्सा बोटभर जागेवर येतो. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि भिजला की त्याची ताकद घटते. जूनपासून अंगणात भिजत पडलेला, शेवाळ धरलेला चिरा घेऊन तुम्ही त्याखाली डोकं घालणार? आणि तो वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची तीच गत, आडवा ठेवला तर आणखी वाईट.

त्यात या कामात नुसतं टेकून भागत नाही. गाडीला हिसके बसतात. बॉल जॉइंट सोडवताना कांबीने लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) खाली दाबावा लागतो, हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या भागातून) शाफ्ट सुटत नसेल तर ठोकावं लागतं, आतला जॉइंट गिअरबॉक्समधून उचकटताना झटका लागतो. एकावर एक रचलेले तीन सुटे चिरे आणि वर हे हिसके!

मेकॅनिकवर विश्वास नाही ना? मग निदान गाडी बनवणाऱ्यावर ठेवा. डॅशबोर्डच्या खणात ओनर्स मॅन्युअल पडलेलं असतं, बहुतेकांचं प्लास्टिकमधून बाहेरही आलेलं नसतं. मारुतीच्या मॅन्युअलमध्ये जॅकच्या पानावर सूचना स्पष्ट आहेत: जॅक फक्त चाक बदलण्यासाठी वापरा, सपाट आणि घट्ट जमिनीवरच वापरा, उतारावर गाडी उचलू नका, आणि गाडी जॅकवर असताना तिच्याखाली जाऊ नका. ज्या कंपनीने तो जॅक दिला तीच म्हणते की तो या कामाचा नाही. यापुढे कुणाच्या व्हिडिओतल्या 'मी दहा वर्षं असंच करतोय'ला काय किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. लोखंडी जॅक स्टँड मिळतात, त्यावर वजनाचा आकडा लिहिलेला असतो. ते घ्यायचे नसतील तर हे काम घरी करायचं नाही. यात मधला मार्ग नाही.

पहिल्या गिअरची गोष्ट त्याच जातीची. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं एक पुढचं चाक उचललं की गिअरची पकड गेली. डिफरेन्शियलमुळे हवेतलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक घरंगळू शकतं. एक्सल बाहेर काढल्यावर तर प्रश्नच मिटला. गाडी धरून ठेवतो तो मागच्या चाकांवरचा हँडब्रेक आणि त्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेले अडसर. आपली अंगणं रस्त्याच्या दिशेने उतरती, पावसाचं पाणी जावं म्हणून मुद्दाम तशी केलेली. तिथे हे काम नको. सपाट काँक्रीट शोधा.

नटाबद्दल थोडक्यात. एक्सलचा नट चाकाच्या नटांसारखा नाही. चाकाचे नट शंभर न्यूटन-मीटरच्या आत-बाहेर आवळतात, एक्सलचा नट लहान-मध्यम गाड्यांत साधारण दीडशे ते अडीचशेपर्यंत जातो. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तो हाताच्या अंदाजाने लागत नाही, टॉर्क रेंच लागतो. सैल राहिला तर बेअरिंग खातो. ज्या गाड्यांत नटाची कड ठोकून शाफ्टच्या खाचेत बसवलेली असते, तिथे तो नट एकदाच वापरायचा, नवा फार महाग नसतो. आणि तो सोडवायचा गाडी चाकांवर उभी असताना, कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगून. जॅकवर चढवलेल्या गाडीवर लांब दांडा घालून त्याच्यावर उभं राहायचं नाही. व्हिडिओत नेमकं तेच केलंय.

गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं. ज्या बाजूने शाफ्ट काढता ती बाजू बरीच वर असेल तर कमी सांडतं, एवढंच. खाली भांडं ठेवा, ऑइल सील बदला आणि शेवटी पातळी बघून भरा. ग्रीसही कुठलंही चालत नाही. सीव्ही जॉइंटला मोलिब्डेनमचं काळं ग्रीस लागतं, नव्या बूटच्या (जॉइंटवरच्या रबरी आवरणाच्या) किटमध्ये त्याची पुडी येते. डावा-उजवा एक्सल बहुधा वेगळ्या लांबीचा असतो, हेही त्या मजकुरात नाही.

एक गोष्ट मान्य करतो, जड मनाने. 'मेकॅनिक लुटतात' यात अगदीच तथ्य नाही असं नाही. नुसता रबरी बूट फाटलेला असताना अख्खा शाफ्ट गळ्यात मारणारे आहेत. बूट फाटल्या-फाटल्या बदलला तर जॉइंट वाचतो. पण आपल्या लाल चिखलात फाटक्या बुटाने पावसाळा काढलात आणि टक्-टक् सुरू झाली, तर आत वाळू गेलेली असते. मग नुसता बूट बदलून उपयोग नाही, आणि शाफ्ट बदला म्हणणारा मेकॅनिक खरं सांगतोय. हेही कबूल की हत्यारं, स्टँड आणि आधी कुणाच्या हाताखाली केलेला सराव असेल तर हे काम घरी होतं. अर्ध्या तासात नाही. गंजलेला बॉल जॉइंटचा बोल्टच तेवढा वेळ घेतो, समुद्राजवळच्या गाडीत जास्त.

राहिला शेवटचा सल्ला: पार्ट नाही मिळाला तर चाक लावून गाडी खाली उतरवा. हे मुळीच करू नका. कित्येक गाड्यांत हबच्या बेअरिंगचे आतले भाग एक्सलचा शाफ्ट आणि नट मिळून दाबून धरतात. तो दाब नसताना वजन टाकलं, वर गाडी ढकलली, की चांगलं बेअरिंग कामातून जातं. ढकलणं भागच असेल तर जुना बाहेरचा जॉइंट हबमध्ये घालून नट आवळा, मग हलवा. त्यापेक्षा म्हापशाची फेरी आधी मारा. गाडीच्या मॉडेल-सालाप्रमाणे पार्ट नंबर जुळवून शाफ्ट, नट, सील, ऑइल सगळं घरी आणा, मगच पाना हातात घ्या.