लवंगतेल, उंदीर आणि अण्णाचा रनआउट

काल अण्णा कट्ट्यावर आला तोच मोबाईल नाचवत. लवंगतेलाने लिव्हर वाचतं, सिद्ध झालंय, आता गोळ्याबिळ्या सोडा रे सगळे! पिंट्या एकदम सावरून बसला, त्याच्या मामाचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा, दोन महिन्यांपासून वाढलेलं आहे ना.

"सिद्ध झालंय कुणावर?" ताईने विचारलं. ती फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या लॅबमध्ये होती, त्यामुळे तिच्यासमोर असलं काही बोलायचं म्हणजे धाडसच.

"उंदरांवर. म्हणजे आपल्यावरच की!"

"तुझं ठीक आहे, पण पिंट्याचा मामा माणूस आहे."

अण्णा लालबुंद. मग ताईने नीट समजावलं. उंदराला बऱ्याचदा आधी काही दिवस तेल पाजतात आणि मग लिव्हर बिघडवायला कार्बन टेट्राक्लोराईड नावाचं रसायन देतात. ते स्वतः लिव्हरला फारसं घातक नसतं, लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याचे फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याला भिडणारे कण, बनवतं आणि ते पेशींच्या आवरणातली चरबी जाळत सुटतात. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल हे रॅडिकल शोषून घेतात, लिव्हरचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन टिकून राहतं, हे खरंच आहे आणि ते ती नाकारत नाही. "पण तेलाने ते एन्झाइमच दाबलं असेल तर? विष तयारच झालं नाही, मग वाचवलं कशापासून? आणि तू तर लिव्हर बिघडल्यावर बाटली उघडणार!"

मला हे फार पटलं. आग लागायच्या आधी भिंत भिजवणं वेगळं आणि जळून गेल्यावर पाणी ओतणं वेगळं, एवढं साधं आहे हे.

"नॅचरल आहे गं, अपाय काय होणार?" अण्णाचा हुकमी एक्का.

"युजेनॉलची दिवसाची मर्यादा किलोमागे 2.5 मिलिग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओच्या समितीने घातलेली. सत्तर किलोच्या माणसाला 175. चमचाभर लवंगतेलात त्याच्या वीसपट तरी जातं. लहान मुलांनी चुकून 10 मिली प्यायल्यावर लिव्हर निकामी झाल्याच्या केसेस आहेत, आणि त्यांना दिलं काय तर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, पॅरासिटॅमॉलच्या ओव्हरडोसला देतात तेच!"

सगळे गप्प. अण्णा हळूच म्हणाला, मग हळद तरी?

"हळदीतलं करक्युमिन वाफेने काढलेल्या तेलात उतरतच नाही अण्णा, त्या तेलात टर्मेरोन नावाचं दुसरंच द्रव्य असतं. निदान बाटली तरी बरोबर निवड."

पिंट्याने तिथल्या तिथे मामाला फोन लावला, गोळी घेतली का विचारलं, तर मामा म्हणे अण्णाचा मेसेज वाचून परवापासून बंद केलीय. पिंट्या जो भडकला! आधी मामाला डॉक्टरकडे जायला लावलं, मग अण्णाकडे वळला. तू कायम असाच, नीट न बघता दुसऱ्याला पळायला लावतोस, फायनलला मला असंच रनआउट केलंस.

"कॉल तुझा होता!"

"माझा?? मी नॉन-स्ट्रायकर होतो!"

ताई म्हणाली तेव्हाही अण्णाने फॉरवर्डच केलं होतं, स्वतः मात्र क्रीज सोडलं नव्हतं, आणि मग अण्णासकट सगळेच असे हसत सुटले की पुढचं काही ऐकूच आलं नाही.